निरोप घेणारे

९ जानेवारी

चि. टिंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं नवीन वर्षाचं पत्र मिळालं. तीन ओळींत चार चुका. 'आशिर्वाद' असं लिहून जो आशीर्वाद मागतो त्याला तो देऊ नये, पण सख्खी आत्या पडले, म्हणून देते. पत्र लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवलंय. लहानपणी दिसेल त्या अक्षरावर टिंब द्यायचास म्हणून तुला टिंब्या म्हणायला लागलो, आणि आता हवं तिथेसुद्धा देत नाहीस. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून मी पोट भरलं आणि घरचाच भाचा असा निघाला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आता कामाचं. परवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. बाई चांगल्या आहेत, पण बोलतात भराभर, आणि मला उजव्या कानाने ऐकू येत नाही हे तीनदा सांगूनही त्या उजव्याच बाजूला बसल्या. एवढं कळलं, की माझी दोन्ही मूत्रपिंडं मिळून एकतीस टक्के काम करतात आणि आत वण धरलाय. आधीच्या दोन गोळ्या होत्याच, आता तिसरी दिलीय. ती कशाला, असं विचारलं तर हार्मोन, रिसेप्टर, फायब्रोसिस असं काय काय म्हणाल्या. मी सगळं कळल्यासारखी मान डोलावली. घरी येऊन स्वतःचाच राग आला.

तू अकरा वर्षं याच्यावरच काम करतोस ना? मग मला नीट सांग. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. पत्र लिही, आणि इंग्रजीची ठिगळं न लावता लिही. जी गोष्ट माणसाला आपल्या भाषेत सांगता येत नाही ती त्याला कळलेलीच नसते.

दादाचं असंच सुरू झालं होतं. तुझेच बाबा, तुला वेगळं सांगायला नको. मी त्याबद्दल काही म्हणत नाही.

तुझी आत्या


२१ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद. शंभर वेळा लिहिणार होतो, तीनात भागवून घे.

कोपर सोलवटलं की वण पडतो आणि तिथली कातडी जाड होते. मूत्रपिंडात तेच होतं, फक्त तिथे गाळणी जाड होते, आणि जाड झालेली गाळणी गाळायचं सोडते. मी रोज उंदरांच्या मूत्रपिंडाचे काप काचपट्टीवर घेऊन रंगवतो. वण निळा दिसतो. धडधाकट उंदराच्या कापात केसासारख्या निळ्या रेघा असतात. आजारी उंदराच्या कापात निळी डबकी दिसतात.

हा वण वाढतो कशाने? मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. तिच्यातून एक संप्रेरक निघतं. त्याचा सांगावा साधा असतो, मीठ राखून ठेवा. पेशीत हा सांगावा ऐकणारी जी जागा असते तिला ग्राही म्हणतात. एरवी तोच सांगावा सारखा यायला लागला की पेशी आपले ग्राही कमी करते. कुणी भुणभुण लावली की आपण नाही का काणाडोळा करत? पण दुखावलेल्या मूत्रपिंडात उलटंच होतं. ग्राही वाढतात, आणि मिठाचा तोच सांगावा ऐकून पेशी वण विणत सुटतात. ते का वाढतात, हे शोधण्यात माझी अकरा वर्षं गेली. अजून पुरतं कळलेलं नाही. म्हणजे तुझ्या हिशेबाने मी अडाणीच.

तुझी तिसरी गोळी त्या ग्राहीत जाऊन बसते. संप्रेरक येतं, त्याला जागा मिळत नाही. झालेला वण मात्र जात नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

टिंब्या


२ फेब्रुवारी

चि. टिंब्यास,
अनेक आशीर्वाद.

ग्राही! हा कोण? ग्राहकाचा धाकटा भाऊ? असले शब्द कोशात बरे. तुझी दोन पानं वाचता वाचता मला डुलकी लागली. निळी डबकी तेवढी डोक्यात राहिली, आणि झालेला वण जात नाही, हे राहिलं. आणि काणाडोळा डोळ्यांनी करतात रे, कानांनी नाही. कानाडोळा असाही शब्द आहे म्हणशील, पण तू लिहिलेला तो नव्हे.

मला एक ओळ हवी. तिन्ही गोळ्यांच्या डब्या सारख्याच पांढऱ्या आहेत. रक्तदाबाच्या दोन्ही डब्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्यात, तिसरीवर काय लिहू ते कळेना. छापखान्यात मथळा बसवतात तसं बसव. कमी शब्द, सोपे शब्द. पाल्हाळ लावणाऱ्याला आमचे जुने कंपोझिटर म्हणायचे, अक्षरांचे खिळे काय तुझ्या सासऱ्याने दिलेत?

खालच्या मजल्यावरची शिवणवाली रोज वर येऊन जाते. माझ्या गोळ्या तीच आणून देते. तिला वाटतं मी एकटी आहे. मी म्हटलं, एकटी कुठे, तू येऊन डोकं खातेस की.

तुझी आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

फार घाईत आहे. परवा तपासणीला मंडळी येणार आहेत आणि अर्ध्या काचपट्ट्या रंगवायच्या राहिल्यात. तुझी ओळ देतो. 'ग्राही' हाकलला. या वेळी एकही अवघड शब्द नाही, शोधून दाखव.

"ही गोळी निरोप घेऊ देत नाही."

आणि खाली बारीक अक्षरांत हवं तर: "बरं करत नाही, लांबवते."

चूक सापडली तर कळव.

टिंब्या


४ मार्च

चि. टिंब्यास,
अनेक आशीर्वाद.

ओळ मिळाली. चूक एकही नाही.

दोनदा वाचली आणि बराच वेळ हातात धरून बसले. इतकं स्वच्छ, आडपडदा न ठेवता तू मला कधी काही सांगितलं नव्हतंस. डॉक्टरबाईंना जे सांगायचा धीर झाला नाही ते तू सांगितलंस. मला वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. काय करायचं ते माझं मी ठरवलंय. तू त्याचा घोर लावून घेऊ नकोस, आणि यापुढे मला गोळ्यांबद्दल विचारत जाऊ नकोस.

कपाट आवरायला काढलंय. कोश तुला ठेवलेत, तुलाच त्यांची गरज आहे. बाकीची पुस्तकं शाळेत देऊन टाकली. शिवणवाली म्हणाली, एवढी घाई कशाची? म्हटलं, पसारा आपल्या हातांनी आवरलेला बरा.

नीट जेवत जा.

तुझी आत्या


१७ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

तीन पत्रांना तू दोन-दोन ओळींची उत्तरं दिलीस. रक्ताचे रिपोर्ट पाठव म्हणून चौथ्यांदा लिहिलं तेव्हा कुठे काल लखोटा आला, तोही शिवणवालीच्या अक्षरातल्या पत्त्याचा. तुला न विचारता तिने पाठवला असेल तर तिला बोलू नकोस.

आत्या, एकतीसचे सतरा झालेत. लघवीतून जाणारं प्रथिन तिपटीने वाढलंय. रक्तदाब बघून मला धडकी भरली. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही, पण माझं कामच ते आहे. ती तिसरी गोळी घेणाऱ्या माणसाचं पोटॅशियम थोडं वर सरकतं. एवढ्या मंदावलेल्या मूत्रपिंडात तर सरकायलाच हवं. तुझं खाली आलंय. कागद खोटं बोलत नाही.

मी तुला सरळ विचारतो, तूही सरळ सांग. तू गोळी घेतेस का?

टिंब्या


२५ ऑगस्ट

चि. टिंब्यास,

नाही. मार्चपासून घेत नाही. रक्तदाबाच्या दोन्हीही सोडल्या. डॉक्टरबाईंना घेते म्हणून सांगितलं. खोटं बोलले, बोलले. शिवणवालीच्या देखत डब्या उघडायची आणि ती गेली की गोळ्या परत टाकायची. त्या बिचारीला दोष देऊ नकोस.

तुला नवल कशाचं वाटतंय? तूच तर लिहिलंस. गोळी बरं करत नाही, लांबवते, निरोप घेऊ देत नाही. मग मी ती का घ्यायची? मी एकाहत्तर वर्षांची आहे. माझं करून झालंय. कुणाचा निरोप घ्यायचा राहिला असेल तर तो तुझा, आणि तो मला माझ्या घरात, शुद्धीवर असताना घ्यायचाय.

आता आलंच आहे तोंडावर तर ऐक. दादाला तू बावन्न दिवस नळ्यांवर ठेवलंस. मी रोज त्याच्या उशाशी उभी राहायचे. त्याचे पाय सुजून चकचकीत झाले होते, हाताला सुई टोचायला जागा उरली नव्हती. तो कधीच निघाला होता रे, तू त्याला दारात अडवून धरलंस. रोज नवा डॉक्टर, रोज नवा कागद, आणि तुझी सही. त्याला कुणी निरोप घेऊ दिला नाही. तीन वर्षं मी मूग गिळून गप्प बसले, कारण पोराचा बाप गेलेला आहे. पण माझ्या वेळी ते चालणार नाही. हे पक्कं समज.

रागाने लिहितेय, तरी प्रेमानेच लिहितेय.

तुझी आत्या


३० ऑगस्ट

आत्या,

शिवणवालीला फोन करून तुला आजच डॉक्टरबाईंकडे न्यायला सांगितलंय. त्यांना सगळं खरं सांगितलंय. गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नकोस, आता त्यांनाच नव्याने ठरवावं लागेल. शनिवारी मी येतोय. पण तुझ्यासमोर मला बोलता येणार नाही, म्हणून आधी लिहितो.

निरोप म्हणजे सांगावा, आत्या! संप्रेरकाचा निरोप! मीठ राखा, वण विणा, हा निरोप. पेशीतला ग्राही तो निरोप घेतो, जसा घरी कुणी नसताना शेजारी निरोप घेतात. 'सांगावा' जुनाट वाटला म्हणून तो काढला आणि निरोप घातला. गोळी मधे बसते आणि पेशीला तो निरोप घेऊ देत नाही. मला एवढंच म्हणायचं होतं. 'लांबवते' म्हणजे मूत्रपिंड निकामी होणं लांबवते. एकतीस टक्क्यांवर माणसं दहा-दहा वर्षं हिंडतात, फिरतात, भाच्यांच्या चुका काढतात. तुझ्या मरणाबद्दल मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. ते माझ्या मनातही नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी माझीच ओळ कागदावर लिहून बघितली. तू वाचलीस तशीच ती दिसते. दुसरी दिसतच नाही. त्या दिवशी मी आणखी अर्धा तास बसलो असतो, आणखी दोन ओळी लिहिल्या असत्या, तर हे झालं नसतं. गोळी सोडायची नाही, हेसुद्धा मी लिहिलं नव्हतं. गोळी बसली की शरीराला वाटतं निरोप पोचत नाही, मग ते आणखी आणखी पाठवत राहतं. गोळी अचानक सुटली की तो सगळा लोंढा आत शिरतो. अकरा वर्षं उंदरांमध्ये मी हेच बघतोय, आणि आपल्या माणसाला सांगायचं राहिलं.

बाबांबद्दल. डॉक्टरांनी आशा सोडली नव्हती म्हणून मी सह्या करत होतो. मला दुसरं काय करता आलं असतं ते तू सांग.

टिंब्या


२१ सप्टेंबर

चि. टिंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तू येऊन दोन दिवस राहिलास, पंख्याचं बटण दुरुस्त केलंस, खिडकीची कडी बसवलीस, शिवणवालीच्या मशीनला तेलसुद्धा घातलंस, आणि ज्या गोष्टीसाठी आला होतास तिच्यावर ना तू तोंड उघडलंस ना मी. आपल्या घराण्यात बोलण्याची चोरीच आहे.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्थाचे अनर्थ पकडले. कुणी 'मुलीचा हात मागितला' ऐवजी 'मुलीचा हात मोडितला' छापलं तर मशीन थांबवायला लावायची. आणि माझ्याच औषधाच्या डबीवर 'ध'चा 'मा' झाला तो मला दिसला नाही. शब्द दोन्हीकडे चालतो, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण खरं सांगते, मला तोच अर्थ हवा होता. दादा गेल्यापासून मी कुणीतरी तसं म्हणायची वाटच बघत होते. म्हणून एकदाही उलटून विचारलं नाही. ओळ तुझी होती, वाचणारी मी होते. अर्धी चूक माझ्या पदरात घाल आणि उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

डॉक्टरबाई गेल्या आठवड्यात माझ्या डाव्या बाजूला बसून सावकाश बोलल्या. चौदावर आलंय. त्या म्हणाल्या, गोळ्या घेतल्या असत्या तरी थोडं घसरलंच असतं, किती ते कुणीच सांगू शकत नाही. गेलेलं परत येत नाही. डायलिसिस लवकरच सुरू करावं लागेल. नाही केलं तरी चालेल म्हणाल्या, मग औषधांवर जितके दिवस जातील तितके. त्यांनी माझ्यावर सोडलं. मी चार दिवस मागून घेतले.

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर देते. बावन्न दिवस फार होते, हे मी मागे घेत नाही. पण ते कागद तुझ्या हातात जात होते तेव्हा मी कुठे होते? बाहेरच्या बाकावर. दादाची सख्खी बहीण, वयाने आणि अनुभवाने तुझ्याहून मोठी, आणि बत्तीस वर्षांच्या पोरावर सगळं सोडून भिंतीकडे बघत बसले होते. एकदा उठून आत येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवला असता तर? मी तुला एकटं टाकलं, टिंब्या. नंतर तुलाच मनातल्या मनात दोष देत राहिले. ते सोपं होतं.

म्हणून सोबत एक कागद पाठवते. प्रत्येक शब्द तपासलाय. शिवणवालीला वाचायला दिला, डॉक्टरबाईंना दिला, दोघींनी एकच अर्थ सांगितला तेव्हाच पाकिटात घातला.

"मी डायलिसिस सुरू करायला तयार आहे. तीन महिन्यांनी मला विचारावं. मी 'पुरे' म्हटलं की ते बंद करावं आणि मला घरी आणावं. मी बोलण्याच्या स्थितीत नसले तर काय करायचं ते माझा भाचा ठरवेल. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही विचारू नये."

खाली तुझी सही हवी. शेवटच्या दोन वाक्यांवर तू अडशील, ते मला माहीत आहे. मी तुला नीट ओळखते, म्हणूनच ती लिहिली. पुढच्या बुधवारपासून सुरू करायचं म्हणतात.

तुझी आत्या


२७ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

सही केली. कागद सोबत आहे.

बाबांच्या वेळी पुढ्यात येईल त्या कागदावर मी न वाचता सही केली, कारण वाचलं असतं तर थांबावं लागलं असतं. तुझा कागद चार वेळा वाचला. शेवटच्या दोन वाक्यांवर अडलो, तू म्हणालीस तसाच.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. बाराव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळला. माझंच तर शास्त्र ते. तुला बाहेर येऊन म्हणालो, अजून प्रयत्न करू म्हणतात. पुढचे चाळीस दिवस बाबांसाठी नव्हते, आत्या. ते मला हवे होते. सकाळी गेलो की ते तिथे असायचे, एवढंच मला हवं होतं. त्यांच्या सुजलेल्या पायांकडे मी मुद्दाम बघायचो नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. तुला सांगितलं, कारण हे माहीत असूनही तू मला ठरवायला देणार असशील तरच ही सही धर. नसशील तर कागद फाडून टाक, मला राग येणार नाही.

आणि धरलीस तर एवढं लिहून देतो. तू पुरे म्हणालीस की मी तुला घरी आणीन. तुला म्हणता आलं नाही तर तुझ्या पायांकडे बघून ठरवीन. माझ्यासाठी एक दिवसही जास्त मागणार नाही.

बुधवारी सकाळी सात वाजता येतो. खाली येऊन उभी राहू नकोस, मी वर येतो.

टिंब्या